पिवळी, लाल, पांढरी, निळी: आमच्या हॉस्पिटलचा कचरा नेणाऱ्या सेवेविषयी

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात आमचं तीस खाटांचं हॉस्पिटल आहे. बाळंतपणं, सिझर, हर्निया-अपेंडिक्सची ऑपरेशनं, पावसाळ्यात डेंग्यू आणि जुलाबाचे पेशंट. तिथे मी इन्चार्ज सिस्टर आहे. ड्युट्या लावणं, औषधांचा साठा, ऑपरेशन थिएटरची (ओटीची) तयारी यांच्या जोडीला हॉस्पिटलचा जैववैद्यकीय कचराही माझ्याच ताब्यात असतो. आम्ही सगळे त्याला 'बीएमडब्ल्यू' (बायोमेडिकल वेस्ट) म्हणतो. २०१६ च्या सरकारी नियमांप्रमाणे तो चार रंगांत वेगळा करायचा: जाळायचं ते पिवळ्या पिशवीत, रिसायकल होणारं प्लास्टिक लाल पिशवीत, सुया पांढऱ्या डब्यात, काच आणि धातू निळ्या डब्यात. हा कचरा रोज उचलून नेणारी आणि त्यावर प्रक्रिया करणारी जी सेवा आम्ही घेतो, तिच्याबद्दल हा अभिप्राय आहे.

सेवेचं नाव देत नाही. दिलं तरी बहुतेकांना त्याचा उपयोग नाही, कारण इथे निवड करायला फारसा वाव नसतो. कचऱ्यावर प्रक्रिया करणारं एक सामायिक केंद्र साधारण ७५ किलोमीटरच्या परिघातली हॉस्पिटलं, दवाखाने, लॅब, रक्तपेढ्या सांभाळतं, आणि अशी सेवा त्या अंतरात मिळत असेल तर हॉस्पिटलला कचरा जाळायची स्वतःची वेगळी भट्टी लावता येत नाही. म्हणजे तुमच्या दारात येणारी गाडी दुसऱ्या कोणाची असेल. पण ती चांगली की वाईट हे कशावरून ओळखायचं, ते सगळीकडे सारखंच आहे. डॉक्टर मंडळी आपापसात दराबद्दल बोलतात. पिशवीला गाठ मारणाऱ्यांचं म्हणणं कुठे लिहिलेलं मी पाहिलेलं नाही, म्हणून लिहिते आहे.

आधीच सांगते, पाचपैकी तीन स्टार. प्रक्रिया चांगली, गाडी बरी, आणि आम्हाला परत काही सांगणं जवळजवळ शून्य. हे शेवटचं माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं आहे.

गाडी सकाळी ओपीडी सुरू व्हायच्या आत येते. बंदिस्त, मागच्या दाराला कुलूप, बाहेर जैवधोक्याचं चिन्ह, जीपीएस बसवलेला. दोन माणसं असतात, गमबूट आणि जाड हातमोजे घालून. प्रत्येक पिशवीवर बारकोडचा स्टिकर असतो. तो मोबाईलवर स्कॅन करायचा, काट्यावर वजन घ्यायचं, ते मशीनमध्ये आणि आमच्या रजिस्टरमध्ये दोन्हीकडे चढवायचं. नेटवर्क नसलं की स्कॅन अडतो, तेव्हा वजन कागदावर लिहून नंतर चढवतात. पावसाळ्यात स्टिकरचा डिंक सुटतो. लेबल पाण्याने न पुसणारं, न निघणारं असावं असं नियमात आहे, तेव्हा ही बारीकसारीक गोष्ट नाही. लेबल गेलेली पिशवी कोणाची, कुठल्या वॉर्डची, कुठल्या तारखेची, काहीच सांगता येत नाही. आम्ही आता स्टिकरवर पारदर्शक चिकटपट्टी मारतो. हे काम सेवेने करायला हवं होतं.

गाडीवरच्या दोघांबद्दल मात्र मनापासून चांगलं लिहायचं आहे. पिशवी घासत ओढत नाहीत, उचलून नेतात. आमची मावशी पिशवी तीन चतुर्थांशापेक्षा जास्त भरून द्यायला लागली तर हात जोडून सांगतात, मावशी, फाटंल वाटेत. त्यातल्या धाकट्याला मी एकदा विचारलं, काविळीची लस घेतलीस का? हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस मिळालीच पाहिजे, असं नियम सांगतो. दोन डोस झाले होते, तिसरा राहिला होता. तो आम्ही आमच्याच ओपीडीत दिला. ही चौकशी सेवेच्या मालकाने करायला हवी, आणि तुमच्या दारात येणाऱ्या माणसांना तुम्हीही ती करा.

गाडीची खरी अडचण सुट्ट्यांची. गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनापासून भाऊबीजेपर्यंत गाडी फिरकली नाही. फोन केला तर ड्रायव्हर गावी गेलाय, पाडवा झाला की बघू. सण असो नसो, बाळंतपणं थांबत नाहीत. त्या दिवसांत सिझरही झाली. शरीराचे अवयव, रक्ताने भिजलेला कापूस, गॉज असा कचरा प्रक्रिया न करता ४८ तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही. ठेवावाच लागला तर त्यापासून कोणाला अपाय होणार नाही अशी सोय करायची आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला कारणासकट कळवायचं. आमच्याकडे या कामापुरता वेगळा डीप फ्रीजर आहे म्हणून निभावलं. मंडळाला पत्रही पाठवलं. ज्या छोट्या प्रसूतिगृहात असा फ्रीजर नसेल त्यांनी काय केलं असेल याची मला काळजी वाटते. सुट्टीच्या दिवशीही कचरा उचलणं हे या केंद्रांचं नियमातलंच काम आहे, उपकार नाही. एक स्टार इथे गेला.

आता वारेबद्दल, म्हणजे बाळाच्या मागून बाहेर पडते, नाळ जिला जोडलेली असते तिच्याबद्दल. बाळंतपणाच्या कचऱ्यात सगळ्यात जड आणि लोकांच्या मनाला सगळ्यात जवळची गोष्ट ती असते. नातवंड झालं की आजी लेबर रूमच्या दाराशी येऊन म्हणते, "बाई, आमची वार द्या, घरामागं पुरायची हाय." पिढ्यान् पिढ्या ज्यांनी ती पुरली त्यांना आम्ही ती पिवळ्या पिशवीत घालतो हे ऐकून बरं वाटत नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. मी त्यांना बसवून सांगते: आजी, वारेत रक्त असतं, त्यातून काविळीसारखे आजार पसरू शकतात. कुत्र्याने उकरली, विहिरीजवळ पुरली गेली तर गावालाच त्रास. सरकारी नियमातही खोल खड्ड्यात पुरायची मुभा आहे, पण ती फक्त जिथे असं केंद्र पोहोचतच नाही अशा दुर्गम भागासाठी, आणि तो खड्डाही साधा नाही. सुमारे दोन मीटर खोल खणायचा, निम्मा भरला की वर चुना टाकायचा, मग माती. आपल्या परसात ते होत नाही.

एका आजींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तुमी काय करता तिचं?" मला तेव्हा जे माहीत होतं ते छापील होतं. गाडी नेते, भट्टीत जाळतात. ते प्रत्यक्ष बघावं म्हणून मी डॉक्टरांना सांगून केंद्रावर जायची परवानगी काढली. केंद्राने आढेवेढे न घेता बोलावलं, हा त्यांच्या बाजूचा मोठा मुद्दा. ज्या केंद्राला दाखवायला हरकत असते त्या केंद्राबद्दल मी आधी शंका घेईन.

तिथे पाहिलेलं जरा सविस्तर लिहिते, कारण आमच्या पिशव्यांचं पुढे काय होतं हे कळल्यावर पिशवीत काय टाकायचं हे आपोआप कळतं.

पिवळ्या पिशव्या भट्टीकडे जातात. भट्टीचे दोन कप्पे. पहिल्यात कचरा जळतो, तिथे तापमान किमान ८०० अंश हवं. त्यातून निघणारा वायू दुसऱ्या कप्प्यात जातो आणि तिथे १०५० अंशांच्या आसपास, ५० अंश इकडे-तिकडे, निदान दोन सेकंद राहायला हवा. एवढ्या उष्णतेत एवढा वेळ मिळाला नाही तर डायॉक्सिन आणि फ्युरानसारखी विषं शिल्लक राहतात. मग धूर धुतला जातो आणि ३० मीटरच्या धुराड्यातून बाहेर सोडतात. तापमान, धुरातले घटक हे सगळं पडद्यावर दिसत होतं आणि तेच आकडे मंडळाकडेही जातात असं तिथल्या सुपरवायझरनी दाखवलं. मी उभी होते तेवढा वेळ दुसऱ्या कप्प्याचा आकडा हजाराखाली आला नाही.

भट्टीवरच्या माणसाने मात्र पिवळ्या ढिगाकडे बोट दाखवून मला थांबवलं. त्या ढिगात कुठल्या कुठल्या हॉस्पिटलांतून आलेल्या पिशव्या होत्या. एक फाटलेली होती. तिच्यात शहाळ्यांची टरफलं, सलाईनच्या रिकाम्या बाटल्या, औषधांची खोकी, डब्यातला उरलेला भात. तो म्हणाला, "बाई, वारंला आग लागायला त्रास नाय. ह्या शहाळ्याला लागतो." ओलं आणि जड काही आत गेलं की तापमान पडतं, ते वर आणायला आणखी डिझेल जाळावं लागतं. आणि पीव्हीसीच्या नळ्या, हातमोजे, रक्ताच्या पिशव्यांसारखं क्लोरीन असलेलं प्लास्टिक आत गेलं तर नेमकं डायॉक्सिन तयार व्हायला खाद्य मिळतं. म्हणूनच २०१६ च्या नियमांनी पिशव्या आणि हातमोजे क्लोरीन नसलेल्या प्लास्टिकचेच वापरायचे असं ठरवलं आणि पुढे त्याला २७ मार्च २०१९ ही मुदत दिली. पिशवी क्लोरीनविरहित घ्यायची आणि तिच्यात सलाईनचे सेट कोंबायचे, याला काय अर्थ राहिला?

हॉस्पिटलच्या एकूण कचऱ्यातला साधारण ८५ टक्के भाग घरातल्या कचऱ्यासारखाच असतो, धोकादायक फक्त उरलेला १५ टक्के, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हा आकडा मी प्रशिक्षणात ऐकला होता. त्या ढिगासमोर उभी राहिल्यावर तो पटला. आपण निष्काळजीपणे १५ चे ३०-४० करतो, आणि ते सगळं धुराड्याच्या खाली राहणाऱ्या लोकांच्या छातीत जातं. मुंबईत गोवंडीच्या रहिवाशांना अशाच एका भट्टीच्या धुराविरुद्ध उच्च न्यायालयात जावं लागलं. तो धूर एका केंद्राच्या धुराड्यातून आला तरी त्यात कचरा शेकडो हॉस्पिटलांनी घातलेला असतो.

लाल पिशव्यांचं दालन वेगळं. सलाईनच्या बाटल्या, आयव्ही सेट (सलाईनची नळी), कॅथेटर, लघवीच्या पिशव्या, सुया काढलेल्या सिरिंज, हातमोजे. हे जाळत नाहीत. मोठ्या ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे भल्याथोरल्या प्रेशर कुकरमध्येच, वाफेच्या दाबाखाली ठेवतात. साध्या ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश आणि १५ पौंड दाब असेल तर किमान ६० मिनिटं, हवा काढून घेणाऱ्या प्रकारात ४५ मिनिटं. प्रत्येक खेपेचा कागद मशीनमधून निघतो, त्यावर वेळ आणि तापमान छापलेलं असतं. जंतू खरंच मेले का हे तपासायला चिवट बीजाणूंच्या कुप्या आत ठेवून बघतात. मग सगळं श्रेडरमध्ये. बाहेर येतात रंगीबेरंगी प्लास्टिकचे बारीक तुकडे, गोण्यांत भरलेले, परवानाधारक रिसायकलरकडे जायला तयार. मी एक गोणी उघडून पाहिली. सिरिंजचा दट्ट्या ओळखू येत नव्हता, नळी ओळखू येत नव्हती. कोणी धुऊन परत विकेल असं काही त्यात उरलेलं नव्हतं.

या तुकड्यांचं महत्त्व मला २००९ सालापासून माहीत आहे. त्या वर्षी गुजरातमध्ये साबरकांठा जिल्ह्यातल्या मोडासा भागात वापरलेल्या सुया-सिरिंजांमुळे हिपॅटायटिस बी पसरला, माणसं गेली, आणि जुन्या सिरिंजा भंगारात जाऊन पुन्हा बाजारात येण्याचा धंदा उघड्यावर आला. आमच्याकडेही तेव्हा भंगारवाला मागच्या दारी सलाईनच्या बाटल्यांचा भाव विचारत यायचा. आता येत नाही. केंद्राचा श्रेडर चालू आहे की नुसता उभा आहे, हे बघण्यासाठीच माझ्या मते हॉस्पिटलच्या माणसाने एकदा तरी तिथे जावं.

प्रक्रियेला म्हणून मी पूर्ण गुण दिले. निळ्या डब्यातल्या काचा, म्हणजे फुटलेले अँप्यूल आणि रिकाम्या व्हायल, निर्जंतुक करून काचेच्या रिसायकलरला जातात. ऑपरेशनमध्ये काढलेली लोखंडी सळी किंवा प्लेटही निळ्यातच जाते. नव्या मुलींना हे माहीत नसतं.

पांढऱ्या डब्याबद्दल बोलायला हवं, कारण सुई टोचण्याचे बहुतेक प्रकार तिथपर्यंत पोहोचायच्या आधी होतात. सेवा आम्हाला जे डबे देते ते जाड, अर्धपारदर्शक, एकदा दाबून बंद केले की न उघडणारे आहेत. आतली पातळी बाहेरून दिसते. भरलेला डबा बंद नेतात आणि नवा देतात, तोच रिकामा करून परत आणत नाहीत. हे उत्तम. काही ठिकाणी डबा गाडीजवळ उलटा करून सुया दुसऱ्या पिंपात ओततात असं मैत्रिणींकडून ऐकलं आहे. तसं होत असेल तर त्याच दिवशी तक्रार करा.

सुई कापायचं यंत्र आमचं आम्ही घेतलं. आधी विजेवर सुई जाळणारं होतं. ठिणगी उडते, धूर येतो, वीज गेली की बंद, आणि सुई टोकाकडून जळली तरी बुंधा सिरिंजला चिकटून राहतो. नियमात ते चालतं, पण मला ते वॉर्डात नको वाटतं. आता हाताने दाबायचा हब कटर वापरतो. तो सुईच्या मुळाशी असलेला प्लास्टिकचा भागच कापतो. सुई थेट खालच्या डब्यात पडते आणि सिरिंज पुन्हा वापरण्याजोगी राहत नाही. लसीकरणात हाच वापरतात. पातं बोथट झालं की दोनदा दाबावं लागतं, तेव्हा बदलून घ्यायचं, ओढाताण करायची नाही. प्रत्येक ट्रॉलीवर एक हवा. एकाच टेबलावर ठेवला तर सिस्टर उघडी सुई हातात घेऊन वॉर्डभर चालत येते, आणि वाटेत पेशंटचं लहान मूल आडवं येतं.

इन्सुलिनच्या सिरिंजची सुई पक्की बसवलेली असते, ती कापत बसू नये, अख्खी पांढऱ्या डब्यात टाकावी. घरी इन्सुलिन घेणाऱ्यांना आम्ही जाड प्लास्टिकची झाकणाची बाटली ठेवायला सांगतो आणि भरली की ओपीडीत आणून द्यायला. घंटागाडीवरच्या बाईच्या हाताला ती सुई लागू नये एवढीच विनंती.

लाल पिशव्यांची तक्रार आहे. सेवा पुरवते त्या पिशव्या पातळ आहेत. आयव्ही सेटचं बाटलीत खुपसायचं टोक सुई नसलं तरी टोचतंच, आणि पिशवीला आरपार जातं. आम्ही सेट गुंडाळून टोक आत घेतो. पण तीन पाळ्यांत, रात्रीच्या घाईत, प्रत्येक वेळी ते होत नाही. जाड पिशव्या बाहेरून आणल्या तर बारकोडचा ताळमेळ बसत नाही म्हणून नको म्हणतात. पिशवी जाड करणं त्यांच्याच हातात आहे.

आता जिथे दुसरा स्टार गेला ते. दर आम्हाला खाटेमागे लागतो. पिवळ्यात दहा किलो दिले काय नि वीस किलो दिले काय, महिन्याचं बिल तेवढंच. हिशेबाला सोपं आहे, पण त्यामुळे वर्गीकरण सुधारलं तरी हॉस्पिटलच्या मालकाला काही दिसत नाही. मग किलोवर दर लावावा का? मी त्याच्या विरोधात आहे. किलोवर पैसे लागले की वजन कमी दाखवायचा मोह होतो, आणि ते वजन मग नगरपालिकेच्या घंटागाडीत, नाही तर ओढ्याकाठी जातं. खाटेमागचा दरच बरा, पण त्याच्या जोडीला एक गोष्ट हवी. दर महिन्याला रंगवार वजनाचा तक्ता केंद्राने हॉस्पिटलला परत द्यायला हवा.

हा सगळा आकडा त्यांच्याकडे असतो. रोज स्कॅन करतात, रोज वजन घेतात. मी मागितला तर बिलाबरोबर एकूण किलो एवढंच आलं. आमच्या रजिस्टरवरून मी स्वतः बेरीज करायला सुरुवात केली. ओटीच्या बाहेर, लेबर रूममध्ये आणि प्रत्येक वॉर्डात रंगांच्या बादल्यांजवळ खऱ्या वस्तूंचे फोटो लावले, नातेवाइकांसाठी शहाळी आणि डब्यातल्या उरल्यासुरल्यासाठी वेगळा हिरवा डबा जिन्याजवळ ठेवला. काही महिन्यांत पिवळ्याचं वजन उतरलं आणि लालचं चढलं. म्हणजे जे आधी जळत होतं ते आता रिसायकलरकडे जायला लागलं. हा तक्ता मी ड्युटी रूममध्ये लावला तेव्हा रात्रपाळीच्या मावशी त्याच्यासमोर थांबून आपल्या वॉर्डाचा आकडा शोधत होत्या. केंद्राने नुसता कागद पाठवला असता तर एवढं सगळं प्रत्येक छोट्या हॉस्पिटलात झालं असतं.

त्याहून पुढची गोष्ट, चुकीची पिशवी. वर्गीकरण न करता कचरा देणाऱ्या हॉस्पिटलांबद्दल मंडळाला कळवणं हे केंद्राचं काम आहे. आमची गाडी कधीच काही म्हणत नाही. लाल पिशवीत रक्ताचा कापूस असो, पिवळ्यात बाटल्या असोत, मुकाट्याने नेतात. मी गाडीवरच्या दादांना विचारलं तर म्हणाले, बाई, तक्रार केली की डॉक्टर चिडतात, बिल अडवतात. मला हे फार लागलं. मंडळापर्यंत जायच्या आधी निदान एक चिठ्ठी आम्हाला द्या. पिशवीचा नंबर, आत काय सापडलं, कुठल्या वॉर्डची. त्या चिठ्ठीवर चिडणारा डॉक्टर असेल तर त्याला समजावणं आम्हा सिस्टरांचं काम, गाडीवाल्याने ते ओझं घेऊ नये.

प्रशिक्षणाचंही तसंच होतं. हॉस्पिटलच्या प्रशिक्षणाला मदत करणं केंद्राला बंधनकारक आहे. पहिल्यांदा आले तेव्हा कॉन्फरन्स रूममध्ये पडद्यावर इंग्रजी अक्षरं, समोर डॉक्टर आणि आम्ही दोघी-तिघी. मावशी आणि वॉर्डबॉय खाली काम करत होते, म्हणजे ज्यांच्या हातात पिशवी असते तेच नव्हते. पुढच्या वेळी मी अट घातली: दुपारी दोनला पाळी बदलताना या, मराठीत बोला, आणि वस्तू घेऊन या. त्यांच्या सुपरवायझर बाई आल्या. टेबलावर हातमोजे, मास्क, डायपर, नळी, फुटका अँप्यूल, प्लास्टरचा तुकडा मांडला आणि एकेका मावशीला विचारलं, सांगा, हे कुठं? मास्कवर वाद झाला, प्लास्टिकसारखा दिसतो म्हणून लाल. नाही, पिवळा. हातमोजे पिवळ्यात? नाही, लालमध्ये. वापरलेला डायपर आणि पॅड पिवळ्यात. निम्मी भरलेली औषधाची बाटली पिवळ्यात, रिकामी काचेची निळ्यात. त्या एका तासाने जे झालं ते भिंतीवरच्या छापील तक्त्यांनी कधी केलं नव्हतं. त्या बाईंसाठी मी अर्धा स्टार जास्त दिला असता, पण त्या एकदाच आल्या.

जुने १९९८ चे नियम मी राबवले आहेत. त्यात कचऱ्याचे दहा वर्ग होते आणि ते लक्षात ठेवायलाच दिवस जायचा. २०१६ च्या चार रंगांनी काम खूप सोपं केलं. कोविडमध्ये दुहेरी पिशव्या, वेगळी लेबलं, रात्री अकराला येणारी गाडी, हे सगळं याच सेवेने एकही दिवस न चुकवता केलं, हेही इथे नोंदवते. त्या काळात त्यांच्या माणसांनी जे केलं त्याची कोणी फुलं उधळून दखल घेतली नाही.

आमच्या बाजूने कचराच कमी करण्याचं थोडं काम चालू आहे. ओटीत एकदा वापरून फेकायच्या गाऊनऐवजी कापडी गाऊन आणि ड्रेप, धुऊन, ऑटोक्लेव्ह करून. जिथे चालतं तिथेच, संसर्गाच्या केसला नाही. पाऱ्याचे थर्मामीटर आणि बीपीची यंत्रं केव्हाच गेली. आणि सगळ्यात अवघड, सलाईन. "अशक्तपणा आलाय, एक बाटली लावा" म्हणणारे रोज येतात. तोंडाने पाणी पिऊ शकणाऱ्या माणसाला लावलेली एक बाटली म्हणजे बाटली, सेट, कॅन्युला, सुई, कापूस, चिकटपट्टी, हातमोजे, म्हणजे तीन रंगांच्या डब्यांत भर. आमचे डॉक्टर आता समजावून ओआरएस देतात. काही पेशंट नाराज होऊन शेजारच्या दवाखान्यात जातात. जाऊ देत.

करार मार्चअखेर संपतो आहे. नव्या करारात लिहून घ्यायला मी डॉक्टरांना दिलेलं असं: रंगवार वजनाचा मासिक तक्ता, चुकीच्या पिशवीची चिठ्ठी, जाड लाल पिशव्या, सणासुदीला आधी कळवून ठरलेली गाडी, आणि वर्षातून दोनदा पाळी बदलायच्या वेळेला मराठीत प्रशिक्षण. तक्ता आणि प्रशिक्षण त्यांनी लेखी मान्य केलं आहे. पिशव्यांचा नमुना पाठवतो म्हणालेत. चिठ्ठीबद्दल अजून चर्चा चालू आहे, आणि दिवाळीच्या गाडीबद्दल "बघतो" एवढंच उत्तर आलं आहे. ते लेखी येईपर्यंत माझे तीनच स्टार.